मेल्यावर चौदा वर्षांनी कुदळ

आमच्या बाळापूरच्या किल्ल्याचा दिनविशेष छापायचा तर तो असा छापावा लागेल : शहाजादा आझमशहा. जन्म २८ जून १६५३. मृत्यू जून १७०७. बाळापूरचा किल्ला बांधायला घेतला, सन १७२१.

हे माझ्या मनचं नाही राजेहो, छापील आहे. औरंगजेबाचा हा पोरगा आग्र्याजवळ जाजऊला सावत्र भावाशी लढताना पडला. त्यानंतर चौदा वर्षांनी त्यानं मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर कुदळ मारली म्हणे. एकानं छापलं, बाकीच्यांनी उतरवून घेतलं. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेली माणसं खडी फोडतात, हे आपण ऐकून आहोत. पण एकट्या मेलेल्या माणसानं अख्खा किल्ला सुरू केल्याचं उदाहरण बाळापूरचंच. काम पुरं झालं १७५७ मध्ये, एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानाच्या हातून. म्हणजे मुदतवाढही मिळालीच.

बरं, किल्ला सोडा, लढाई घ्या. १७२० साली बाळापूरजवळ निजाम-उल्-मुल्कानं सय्यद बंधूंच्या पुतण्याला, आलम अली खानाला, मारलं आणि दख्खन खिशात घातली. पुढं हैदराबादेत सव्वादोनशे वर्षं जी गादी चालली, तिच्या पायातला एक मोठा दगड आमच्या शिवारातला. हरलेल्या बाजूनं मराठी फौज होती. तिच्यात दमाजी गायकवाड असे काही लढले, की त्यांना ‘समशेर बहाद्दर’ किताब मिळाला आणि बडोद्याच्या घराण्याची पायाभरणी झाली. जिंकला त्याचं राज्य झालं, हरला त्याचंही झालं. बाळापूरला काय मिळालं? तारीख. तीही धड एक नाही. एका पुस्तकात जुलैची अखेर, दुसऱ्यात १० ऑगस्ट. लढाई एकच, पण कुणी जुन्या कॅलेंडरानं मोजली, कुणी नव्या. दोन्हींत तेव्हा अकरा दिवसांचा फरक. इंग्रजांनी १७५२ मध्ये तो मिटवला तेव्हा २ सप्टेंबरला झोपलेली माणसं १४ सप्टेंबरला उठली. त्या अकरा दिवसांत कोण जन्मलं, कोण वारलं, हे विचारायची सोय नाही. दिनविशेषवाल्यांना एवढी सुट्टी पुन्हा मिळाली नाही.

गंमत म्हणजे बाळापूर एकेकाळी कागदासाठी प्रसिद्ध होतं. लोकांचे हिशेब आणि खलिते इथल्या कागदावर उतरले. आमचीच टिपणं तेवढी कुणी नीट ठेवली नाहीत.

आता २३ फेब्रुवारी. शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहायची पाळी गेल्या साली, २०२५ ला, घरच्या पोरावर आली. गाडगेबाबांचं काम सोपं : जन्म १८७६, अंजनगाव सुर्जीजवळचं शेंडगाव. जन्माचा रकाना भरला. पुढचं नाव आलं गजानन महाराजांचं, १८७८, शेगाव. पोरगा अडला.

“काका, महाराजांचं नाव जन्मात लिहू का मृत्यूत?”

“दोन्हीत नको. त्या दिवशी ते प्रगट झाले.”

“मंग जन्म कधीचा?”

“ते कोणालेच माहीत नाही.”

“पण सर म्हणले, तीनच रकाने हायेत.”

अख्ख्या वऱ्हाडाला पाठ असलेला दिवस, आणि दिनविशेषात त्याला रकाना नाही! त्यात आणखी पेच. गाडगेबाबांची जयंती तारखेनं होते, महाराजांचा प्रगट दिन तिथीनं, माघ वद्य सप्तमीला. २०२४ मध्ये तो ३ मार्चला आला, २०२५ मध्ये २० फेब्रुवारीला. पोरगा म्हणाला, “महाप्रसाद तर तीन दिवसांआधीच जेवलो आपण.” मी म्हटलं, “सप्तमीला जेवलास. आज तारीख आहे.” बाळापूरचं तर आणखी वेगळं. पोथीतले बाळकृष्णबुवा रामदासी इथले, त्यांना महाराजांनी समर्थांच्या रूपात दर्शन दिलं ते दासनवमीला. म्हणजे सप्तमी शेगावची, नवमी आमची, आणि २३ तारीख फळ्याची.

पोरानं बराच वेळ खडू चावला. मग ‘महत्त्वाच्या घटना’ असा रकाना होता, त्यात महाराजांना घातलं. खाली जागा उरली म्हणून मला विचारलं, “आपल्या किल्ल्याचं लिहू का?”

म्हटलं, “लिही. पण कोणी बांधला ते नको लिहू. मेला हाये तो.”