जुनं यात लागेल का?

नवी वस्तू घरात आली की तिचं कौतुक करायचं सोडून तिला उलटी करून मागच्या खाचा तपासणारा एक माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे ते खातं भाऊजींकडे आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम झाशी, सीपरी बाजार, म्हणजे किल्ल्याकडून निघून रेल्वेचे रूळ ओलांडले की पलीकडे. घराणं नेवाळकर राजांच्या काळात इकडे आलं असं ते सांगतात. कोण आलं आणि कशासाठी, असं खोदून विचारलं की विषय मिक्सरवर नेतात.

मिक्सरचं असं झालं. ताईला नवा मिक्सर हवा होता. दुकानदार बिचारा वॅट, वॉरंटी, तीन भांडी असं सगळं म्हणून दाखवत होता. भाऊजींनी पूर्ण ऐकून घेतलं, पिशवीतून घरचं सत्तावीस पोचे आलेलं भांडं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. "पुराना इसमें लगेगा?" दुकानदार नाही म्हणाला. "फिर नया किस बात का?" असं म्हणून भाऊजी जिना उतरले. ताई अजून पाट्यावर चटणी वाटते.

हा प्रश्न ते कुठेही विचारतात. भाचीसाठी आलेल्या स्थळानं पुण्यात नवा फ्लॅट घेतल्याचं सांगितलं, तेव्हा सगळे जागा किती, हप्ता किती यात होते. भाऊजींनी दाराची रुंदी विचारली. आजोबांचा शिसवी पलंग आत जाईल का, एवढंच त्यांना हवं होतं. २०२१ च्या अखेरीस झाशी स्टेशनला वीरांगना लक्ष्मीबाईंचं नाव मिळालं. राणीचं नाव आलं म्हणून मराठी मंडळींनी पेढे वाटले. भाऊजींनी पेढा तोंडात टाकला आणि तडक तिकीट खिडकी गाठली: "पुराना टिकट इसमें चलेगा?"

तर अशा माणसाच्या घरात भाच्यानं स्वतःच्या पगारातून प्लेस्टेशन ५ आणलं.

व्हिडिओ गेमचं पांढरं, उंच, ऐटबाज यंत्र. भाचा त्याचा रिमोट हातात घेऊन तो कसा थरथरतो ते दाखवत होता. भाऊजी आत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात प्लेस्टेशन २ च्या डिस्क, सगळ्यांत वर क्रिकेट ०७. तो जुना खेळ त्यांनी मुलासाठी म्हणून आणला होता आणि मुलापेक्षा जास्त खेळला होता. क्रिकेट ०७ मध्ये परवान्याअभावी आपल्या खेळाडूंची खरी नावंही नाहीत. भाऊजींचं त्यावाचून अडलं नाही. उभं राहण्याच्या पद्धतीवरून ते सचिनला ओळखतात आणि "सचिन, डावा पाय!" असं सोफ्यावरून ओरडतात. त्यानंतर तो खेळ काढणाऱ्या कंपनीनं क्रिकेटचा खेळ असा काढलाच नाही, त्यामुळे भाऊजींच्या मते क्रिकेट तिथेच संपलं.

त्यांनी डिस्क पुढे केली. "लागेल का?"

भाच्यानं शांतपणे समजावलं. या यंत्रावर प्लेस्टेशन ४ चे जवळजवळ सगळे खेळ चालतात, पण २ ची डिस्क चालत नाही. त्या काळी खेळ लिहिणारे त्या एका चिपच्या सवयी ओळखून लिहीत. नव्या चिपला त्या सवयींची नक्कल करावी लागते आणि ते फार किचकट काम. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ निघालं तेव्हा पहिल्या यंत्रांत चक्क जुन्या यंत्राच्या चिपा बसवल्या होत्या. महाग पडायला लागलं, तशा काढून टाकल्या.

समजावण्यातली ही शेवटची चूक झाली. "म्हणजे लागत होतं!" भाऊजी उभे राहिले. "लागत होतं आणि काढलं!" तेव्हापासून ही बातमी ते पेन्शन कापल्यासारखी सांगतात. दूधवाल्याला सांगून झाली. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मलाही सांगितली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या, प्लेस्टेशन म्हणजे कुठलंसं रेल्वे स्टेशन समजणाऱ्या काकूंनाही.

भाच्यानं शेवटी लॅपटॉपवर एमुलेटर घातला. म्हणजे एका यंत्राचं सोंग दुसऱ्यानं आणायचं. लॅपटॉप टीव्हीला जोडला. डिस्क चालली. चित्र तर पूर्वीपेक्षा कितीतरी स्वच्छ. भाऊजी नाराज. "चेहरे एवढे दिसत नव्हते रे. आणि सगळे जाडे का झाले?" जुनं चौकोनी चित्र लांबट टीव्हीवर ताणलं गेलं होतं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या टाकून टीव्हीचा पाव भाग वाया घालवला, तेव्हा कुठे सचिन वजनावर आला.

इथे थांबतील तर ते भाऊजी कसले. माळ्यावरून त्याहून जुना व्हिडिओ गेम उतरला. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली मिळणारी, जपानच्या १९८३ च्या निन्टेन्डो यंत्राची स्वस्त नक्कल. पिवळी कॅसेट आणि बदकं मारायची बंदूक. नव्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची जागाच नाही, म्हणून मध्ये एक डबी बसवली. चित्र आलं. बदकं उडाली. भाऊजींनी नेम धरला. एक बदक मरेना. पुढे झाले, गुडघ्यावर बसले, नळी काचेला टेकवली, तरी नाही. बदकं नव्या टीव्हीला फितूर आहेत, असा निष्कर्ष निघाला.

खरं कारण ऐकण्यासारखं आहे. ती बंदूक काही मारत नाही, ती बघते. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. तो उजेड बंदुकीच्या डोळ्याला दिसला की बदक मेलं. पिक्चर ट्यूबवर तो चौकोन तत्क्षणी उमटायचा. नवा टीव्ही चित्र आधी नीट सजवतो, मग दाखवतो. तेवढ्या निमिषात बंदुकीनं नेम चुकल्याचं ठरवलेलं असतं.

हे सगळं ऐकून भाऊजी काही न बोलता गच्चीवर गेले. मीही गेलो, कारण ताईनं चहा घेऊन पाठवलं. सीपरीच्या टेकडीवर ध्यानचंदांचा पुतळा उभा आहे; तिकडे बघत ते बोलायला लागले. शाळेत ते हॉकी खेळायचे, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. "पंचाहत्तरला क्वालालंपूरला वर्ल्ड कप जिंकलो. फायनलमध्ये पाकिस्तानवर जिंकून देणारा गोल कुणाचा? अशोककुमारचा, यांच्या मुलाचा. सगळी सीपरी रस्त्यावर. आणि पुढच्याच वर्षी माँट्रियल. ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच कृत्रिम गवत. माणसं बरीचशी तीच, काठी तीच, मनगट तेच. सातवे आलो." चहा गार होत होता. "मातीवर चेंडू उसळायचा, त्याला गोंजारून न्यायला आमची मुलं शिकली होती. त्या सतरंजीवर नुसतं पळायचं. अंथरण्याआधी विचारलं का कुणी, की जुनं यात लागेल का?"

भाऊजींचं बोलणं मी एरवी मनावर घेत नाही. त्यांच्यामुळे माझी बहीण पाट्यावर वाटते. पण या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि भाच्याच्या त्या ऐटबाज यंत्राकडेही नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. कुणाच्या माळ्यावर पिक्चर ट्यूबचा टीव्ही पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. एकवीस इंची असला तर उत्तम, मागे पिवळ्या पिनेची जागा मात्र हवी. झाशीपर्यंतचं भाडं भाऊजी देतील. सोबत रिमोट नसला तरी हरकत नाही. त्यांच्याकडे एक जुना आहे, तो यात लागतो का बघतील.