तबकडीकाका

आमच्या इमारतीत ‘नॅस’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला, तेव्हा काकांच्या आई उठून आधी फ्रिजकडे गेल्या. “काय नासलं?” त्यांनी विचारलं. दूध ठीक होतं. मग काकांनी त्यांना समजावलं, की नॅस म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना वाय-फायवरून वापरता येईल असा हार्ड डिस्कचा डबा. “मग नाव तरी बरं ठेवायचं,” आई म्हणाल्या आणि मालिका बघायला बसल्या.

त्यानंतर आठवड्याभरात काका जिन्यात उभे राहून फोनवर कुणाला तरी मोठ्याने सांगत होते, “हो, हो, घरी रेड आहे. सहा!” दुसऱ्या मजल्यावर कापडाचे व्यापारी राहतात. त्यांच्या घराची आतली कडी लागल्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला.

काकांना सगळी इमारत तबकडीकाका म्हणते. वडिलांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या त्यांनी एकेक करून संगणकात उतरवल्या, तेव्हापासूनचं हे नाव. पुढे त्या तबकड्या फिरणाऱ्या दुसऱ्या तबकड्यांवर गेल्या, त्यामुळे नाव बदलायचं कारण उरलं नाही. काका बँकेतून स्वेच्छानिवृत्त झालेले. इतरांच्या खिशाला पेन असतं तिथे यांच्या खिशाला बारीक स्क्रू ड्रायव्हर. ही जात नवी नाही. पूर्वी प्रत्येक चाळीत रेडिओची पाठ उघडून बसलेला एक असे. नंतर कोऱ्या करकरीत नोटेने व्हीसीआरचं हेड पुसणारा आला. आता हा आला आहे. तुमच्याही इमारतीत असेल. उन्हाळ्यात बायको-आई पंख्याखाली आणि एसी मात्र टीव्हीखालच्या काळ्या डब्याच्या खोलीत, असं घर दिसलं की समजा.

माझी चूक एवढीच, की मी त्यांना विचारलं. “काका, मुलीचे फोटो फोनमध्ये मावत नाहीत. एक हार्ड डिस्क घ्यावी म्हणतो.”

छातीत थोडं दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. “एक?” ते म्हणाले. “अरे, एक डिस्क म्हणजे शून्य डिस्क. बस.”

मी बसलो. उठलो तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

त्या दुपारी मला कळलं, की १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहून जगाला रेड दिली. महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त छोट्या डिस्कची फौज उभी करावी आणि एक पडली तर बाकीच्यांनी तिचं काम भागवावं, ही कल्पना. रेडच्या इंग्रजी नावातला ‘आय’ मुळात ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चा, म्हणजे स्वस्तचा. पुढे त्याचा ‘इंडिपेंडंट’ झाला. “का झाला?” काकांनी मला विचारलं. उत्तर आतून काकूंनी दिलं, “बिलं बघितली असतील कुणीतरी.”

शिकवण्यात मात्र काकांचा हात धरणारा कुणी नाही. पॅरिटी त्यांनी मला सोसायटीच्या हिशेबावरून समजावली. तीन विंगांच्या तीन वह्या आहेत आणि चौथ्या वहीत तिघांची बेरीज आहे. बी विंगची वही हरवली, तर बेरजेतून ए आणि सी वजा करा, बी परत हातात. ही रेड-पाच. फक्त बेरजा एकाच वहीत न ठेवता चारही वह्यांत वाटून ठेवायच्या. चार टीबीच्या चार डिस्क घेतल्या, तर बारा टीबी वापरायला मिळते, एका डिस्कची जागा बेरजेला जाते. रेड-सहामध्ये दोन निरनिराळे हिशेब ठेवतात, म्हणून दोन वह्या हरवल्या तरी चालतं, पण जागा उरते आठ टीबी. “आणि रेड-शून्य?” मी विचारलं. “त्यात बेरीजच नाही. पानं चार वह्यांत वाटलेली. एक वही गेली की सगळा हिशेब गेला. आपल्या मागच्या कमिटीसारखं.”

आठ टीबी हेही खरं नव्हेच. कंपनी टीबी मोजते हजाराच्या पटीत, विंडोज मोजतं १०२४ च्या पटीत. त्यामुळे चार टीबीची डिस्क लावली की पडद्यावर ३.६३ दिसते. काकांना हे तत्त्वतः पूर्ण ठाऊक आहे. तरीही प्रत्येक नव्या डिस्कच्या वेळी ते वाण्याने मापात मारल्यासारखा चेहरा करून काकूंना बोलावून तो आकडा दाखवतात.

डिस्क खरेदी हा वेगळाच सोहळा. डोंबिवलीहून निघायचं, दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. चार डिस्क हव्या असल्या, तर चार दुकानांतून घ्यायच्या. का? तर एका पेटीतले आंबे एकदमच पिकतात आणि एकदमच सडतात. एकाच लॉटच्या डिस्कचंही तसंच. एक गेली की तिच्या जागी नवी लावून सगळा हिशेब पुन्हा मांडायचा, त्याला म्हणतात रिबिल्ड. ते तासन्‌तास, कधी दीड-दोन दिवस चालतं. त्या काळात उरलेल्या डिस्कना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि नेमकी तेव्हाच दुसरी बहीण मान टाकते. रेड-पाच असेल तर मग मुसळ… काकांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

परतीच्या लोकलमध्ये काका डिस्क मांडीवर घेऊन बसतात. धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात आडवे. एकदा एका बाईंनी उठून त्यांना खिडकीची जागा दिली आणि विचारलं, “किती महिन्यांचं?”

‘कौलारू’ प्रकरणाबद्दल मात्र त्यांना विचारू नका. मी विचारलं होतं. साध्या डिस्कवर माहितीचे पट्टे शेजारी शेजारी असतात. जास्त जागा काढायला हे पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढवण्याची युक्ती निघाली. वाचायला काही अडचण नाही, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी ओळ उतरवून परत चढवावी लागते. रिबिल्डच्या वेळी अशी डिस्क गोगलगायीच्या चालीने चालते, कधी रेड तिला मेलेली समजून बाहेरच काढते. २०२० साली उघड झालं, की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही आतून कौलारू होत्या आणि डब्यावर तसं लिहिलेलं नव्हतं. काकांच्या चारपैकी एक त्यातली निघाली. लॉकडाउनमध्ये लोक घरात कोंडून बसले होते, काका डिस्कचा मॉडेल नंबर भिंगातून वाचत होते.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. ते एरवी हसून टाळतात, त्या दिवशी गंभीर झाले. “आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१चा. एक प्रत सापडत नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती, उरली पहिली आणि शेवटची. २००३ साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, त्यात संग्रहालयाची जुनी नायट्रेटची रिळं गेली. सांग आता!” मी काय सांगणार? त्यांच्या डब्यात वडिलांच्या नाट्यसंगीताच्या तबकड्या आहेत, पैसे मोजून घेतलेल्या जुन्या मराठी चित्रपटांच्या सीडी आहेत, आणि नात्यातल्या यच्चयावत लग्नांचे व्हिडिओ आहेत. त्यातलं एक लग्न सहा महिन्यांत मोडलं. नवरा-नवरी आज एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण दोन डिस्क एकदम मेल्या तरी त्यांची मंगलाष्टकं शाबूत राहतील.

हे कुणी बघत नाही, ही गोष्ट वेगळी. बघायला सवडच नसते. महिन्याच्या पहिल्या रविवारी स्क्रबिंग असतं, म्हणजे यंत्र प्रत्येक अक्षर वाचून ते सडलं तर नाही ना, हे पडताळतं. त्या दिवशी डब्याला त्रास द्यायचा नाही. (स्क्रब म्हणजे घासणं. “मी रोज घासते, हे महिन्यातून एकदा घासतात, आणि बोलबाला कुणाचा?” इति काकू.) बाकीच्या रविवारी अपडेट असतं. टीव्हीवर जेलीफिन, म्हणजे डब्यातले सिनेमे दाखवणारं अ‍ॅप, उघडावं तर पोस्टर दिसतात, सिनेमा फिरत राहतो. मग आई रिमोट घेतात आणि तोच सिनेमा यूट्यूबवर लावतात.

“रेड म्हणजे बॅकअप नव्हे,” हे काकांचं ब्रह्मवाक्य. डिस्क मेली तर रेड वाचवेल, पण तुम्हीच फाइल पुसलीत तर ती आज्ञाधारकपणे चारही डिस्कवरून पुसेल. यावर त्यांची एक आवडती कथा आहे, आणि ती खरी आहे. १९९८ साली पिक्सारमध्ये कुणीतरी चुकून एक आज्ञा टाइप केली आणि ‘टॉय स्टोरी २’ बराचसा पुसला गेला. बॅकअप बघितला तर तोही धड नव्हता. शेवटी तांत्रिक विभागाच्या गॅलिन सुसमन या बाईंना आठवलं, की तान्हं बाळ असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि घरच्या संगणकावर एक प्रत आहे. तो संगणक घोंगड्यांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या सीटला पट्ट्याने बांधून आणला. “म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर!” घराबाहेरची प्रत सांगलीला बहिणीकडे. दिवाळीत डिस्क न्यायची, नवी भर घालायची, तांदळाच्या डब्यामागे ठेवून यायचं.

गेल्या श्रावणात भाचा आला होता. त्याने गेमसाठी जागा करायला एक फोल्डर उडवलं. नाव होतं ‘जुने – बघू नंतर’. त्यात आजोबांच्या, म्हणजे काकांच्या वडिलांच्या आवाजातल्या सगळ्या गोष्टी होत्या. रेडने आज्ञा पाळली.

काकांनी सांगलीला फोन लावला. मी समोर होतो. मेव्हणे आनंदाने म्हणाले, “ती डिस्क ना? फार उपयोगाची हो! सेट टॉप बॉक्सला लावली. त्याने विचारलं, फॉरमॅट करू का, म्हटलं कर. आता हिच्या सगळ्या मालिका त्यात रेकॉर्ड होतात.”

काका खुर्चीत बसले. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. डब्याचे चारही हिरवे दिवे नीट लागलेले होते, कुठे काही बिघाड नव्हता.

काकू स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. म्हणाल्या, “मामंजींच्या गोष्टी ना? त्या माझ्याकडे आहेत. तुमच्या डब्यात काही लवकर सापडत नाही, म्हणून मुलीकडून पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. दुपारी भाजी निवडताना ऐकते मी.”

मी घरी परतलो आणि दोन डिस्कचा साधा डबा मागवला, जे एकीवर तेच दुसरीवर. एक प्रत सासुरवाडीला ठेवली आहे आणि सासऱ्यांच्या सेट टॉप बॉक्सला मागे भोक नाही, याची खात्री करून घेतली आहे.

काकांनी त्या पेनड्राइव्हची रीतसर नोंद करून त्याला ‘चौथी प्रत’ असा क्रमांक दिला आणि स्क्रबिंगसाठी महिन्यातून एकदा तो आपल्याकडे जमा करावा, अशी विनंती केली. तो अजून काकूंच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच आहे. त्या तो कुणाच्या हातात देत नाहीत.