इकडचे ७९, तिकडचे ७९

काकूंच्या गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया वाळत होत्या आणि आमच्या गच्चीवर मी कपडे. मध्ये कमरेएवढी भिंत. खाली गांधीबागेतल्या ठोक कापडबाजाराचा गलका, त्यामुळे काकूंचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर.

"परवाची फायनल पाह्यली का वं? तो आदित्य सरवटे..."

"आपला स्पिनर?"

"आपला कायचा! केरळचा झाला ना यंदा. आपल्याच जामठ्याच्या मैदानावर, आपल्याच विदर्भाविरुद्ध रणजीची फायनल खेळला बाप्पा."

"मग हरले ना ते?"

"हरले कुठं, मॅच ड्रॉ झाली. आपले ३७९, त्यांचे ३४२. पहिल्या डावाच्या आघाडीवर कप आपल्याले. तिसरा." काकूंनी कुरडई उलटवली. "पण त्यांच्या ३४२ मध्ये या पोट्ट्याचे ७९ होते. अन् मले तो आकडा कुठंतरी पाह्यल्यासारखा वाटे. रात्री आठवलं. इंदूरची फायनल! दिल्लीविरुद्धची. २०१८ च्या १ जानेवारीले आपण पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हाही याचे ७९च. सारे गुरबानीची हॅटट्रिक अन् वाडकरचे १३३ सांगतेत. हे ७९ कोणी सांगत नाही."

काकूंचं हे असं. घरातले चष्मे सापडत नाहीत, स्कोअर मात्र तोंडपाठ.

"पुढच्या वर्षीच्या फायनलमध्ये सौराष्ट्राच्या पुजाराले दोन्ही डावांत यानंच काढलं. एकदा १ वर, एकदा भोपळ्यावर! मॅचमध्ये ११ विकेटा. वरून दुसऱ्या डावात आपली पडझड झाली तेव्हा ४९ रनाही."

"एवढं सगळं, तर गेला काहून?"

"ते त्याले ठाऊक. अवं, ऑलराउंडर म्हणजे ह्यांच्या दुकानात एक माणूस होता तसा. सकाळी गिऱ्हाइकाले थान उलगडून दाखवे, दुपारी खातेवही लिही, संध्याकाळी उधारी वसुलीले जाई. दिवाळीच्या पूजेच्या फोटोत मात्र कधी नाही, कारण तेव्हा तो गोदामात. एक दिवस दुसऱ्या पेढीवर गेला, तं मालक म्हणते, नमकहराम!"

"पण काकू, विदर्भाविरुद्ध..."

"वसीम जाफर मुंबईहून आला तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवल्या ना? करुण नायर कर्नाटकातून आला, त्यानं परवा १३५ मारले, तं तो आपला. आपला गेला तं परका. असं कसं चालन?" मग जरा हळू आवाजात, "नायरलेही शेवटी यानंच काढलं म्हणा. स्टंपिंग."

खालून हातठेलेवाल्याने कोणाला तरी शिवी हासडली. दोघी भिंतीवरून वाकलो. काही विशेष नव्हतं.

"अन् केरळ फायनलले आलं कसं, माहीत आहे? अहमदाबादले सेमीफायनल. गुजरातच्या शेवटच्या माणसानं जोरात मारला, तो बॉल शॉर्ट लेगवरच्या सलमान निझारच्या हेल्मेटले लागला, उडाला, अन् स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात. दोन रनांची आघाडी! तेवढ्यावर केरळ पहिल्यांदा फायनलले. बॉलर कोण? हाच."

"म्हणजे त्याची जागा आपल्याकडं रिकामीच राहिली?"

"रिकामी कायची माय. डावखुरा स्पिनर गेला, डावखुराच स्पिनर बसला. हर्ष दुबे. बावीस वर्षांचं पोरगं. ६९ विकेटा एका रणजी मोसमात, आजवर कोणाच्याच नाहीत. वरून पावणेपाचशे रना. अन् फायनलमध्ये सरवटेले ७९ वर आउट कोणी केलं? दुबेनं. कॅच मालेवारचा."

"मग तुम्ही खूश झाल्या असाल."

"झाली ना. संत्राबर्फी आणली." काकूंनी धोतराचं टोक विटेखाली नीट दाबलं. "त्याच्या आधी, तो पन्नासच्या पुढं गेला, तेव्हा माह्या हातून टाळी वाजली. ह्यांनी असे डोळे वटारले माह्याकडं! दोन दिवस बोलले नाही."

"आता बोलतात?"

"बर्फी संपली का विचारत होते सकाळी."