लाव्हा घरचा, वाफ परदेशची

पिंपळीत विहीर खणताना पहार ज्या काळ्या पाषाणावर ठणकते, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी निवालेला लाव्हाच. म्हणजे ज्वालामुखीच्या बाबतीत आपण खानदानी. तरीही उसाचं बिल खात्यावर पडलं, की टूरवाल्यांच्या रंगीत पत्रकातलं इस्किया बेट खुणावू लागतं.

नेपल्सच्या उपसागरातल्या या बेटाचा शेवटचा उद्रेक १३०२ सालचा. पोटातली धग मात्र शाबूत. तिच्या जिवावर चितारा किनाऱ्यावर पोसायडन बाग उभी आहे: वीसेक कुंडं, प्रत्येकाची ऊब निराळी, शेजारी समुद्र आणि आरामखुर्च्या. तिकीट युरोत, त्यामुळे सांधेदुखी लवकर थांबत असावी.

आपल्याकडे तानसेकाठी वज्रेश्वरी-अकलोलीला, दापोलीकडच्या उन्हवऱ्याला पाणी तसंच कढत. पण तिथं पंचा गुंडाळून उतरायचं, मग फोटोला काय शोभा? गंमत म्हणजे ही ऊब त्या जुन्या लाव्ह्याची नव्हेच. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि वर येतं. एवढं सगळं निसर्ग फुकटात करतो, हीच अडचण. फुकटच्या पाण्याला औषध कोण म्हणेल? त्यात आपण कपडे पिळतो, अंगाला साबण चोळतो आणि घरी येऊन इस्कियाच्या स्वच्छतेचं कौतुक करतो.

तेव्हा युरो जमेपर्यंत उन्हवऱ्याला जाऊन या. फक्त शाम्पूची पुडी घरी ठेवा.