विमानाचे पाय

गडमुडशिंगीच्या माणसाला विमान खालूनच दिसतं. बाकीच्या जगाला त्याचे पंख आणि शेपटीवरचं चित्र दिसत असेल, आमच्या वाट्याला पोट आणि पाय. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ शेजारी. 1939 साली छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात तो झाला, आणि पुढे धावपट्टी लांबवायची म्हणून आमच्या गावची जमीनही त्यात गेली. एवढं दिल्यावर विमानाकडे जरा बारकाईनं बघायचा हक्क आम्हाला असायला हरकत नाही.

आणि बारकाईनं बघितलं, की पायांचं फार वाईट वाटतं. एटीआर विमान उडालं की लगेच पाय पोटात घेतं, जणू ते कुणाला दाखवण्यासारखे नव्हतेच. उडण्याचं कौतुक सगळ्यांना. उतरण्याचं कौतुक फार तर विमा कंपनीला.

स्वतःच्या हातानं विमान बांधणाऱ्यांचंही सुरुवातीला सगळं लक्ष उडण्याकडेच असणार. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. लेथ, वेल्डिंगचं मशीन, 180 किलोचं इंजिन, सगळं अरुंद जिन्यानं वर नेलं. 2016 साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनासाठी विमान सुटं करून क्रेननं खाली उतरवलं. म्हणजे या विमानाचा पहिला प्रवास वरून खाली झाला, तोही आपल्या चाकांवर नाही. ते स्वतःच्या जोरावर उडालं ते 2020 साली, धुळ्याला. मधली वर्षं परवानग्यांत गेली. गच्चीवर विमान बांधणाऱ्याला हसणारे पुष्कळ भेटले असतील. हे उतरणार कशावर, असं विचारणारा एखादा तरी भेटला असेल का, याची मला शंका आहे.

अमेरिकेत गॅरेजात विमान बांधणारे हजारोंनी आहेत. त्यांचं एक लक्षण असं, की विमान उडायला लागलं तरी पूर्ण होत नाही. पंखांना सहसा कुणी हात लावत नाही, कारण तिथं चूक झाली तर ती दुरुस्त करायला आपण उरत नाही. मग सगळी हौस पायांवर फिटते. जुन्या आराखड्यांत धक्का झेलायला रबरी दोराचे वेढे असतात. रबर ते रबरच. उन्हातान्हात सैल पडतं आणि एक दिवस विमान एका बाजूला कलून उभं राहतं. मालक म्हणतो, आता पाय बदलू.

आमच्या गल्लीतले मिस्त्रीमामा आयुष्यभर टेम्पो-ट्रकच्या खाली झोपून काम करत आले. त्यांना मी मोबाईलवर अशा एका विमानाचा फोटो दाखवला. पोटाखालून दोन्हीकडे फाकलेली पोलादी पट्टी, टोकांना चाकं. मामांनी चष्मा वर केला.

“अवो, हा तर ट्रकचा कमानपाटा हाय!”

मामांनी एका नजरेत ओळखलं, ते ऑशकॉशच्या स्टीव्ह विटमन नावाच्या अमेरिकन शर्यतवाल्या वैमानिकाला सुचलं होतं. ना रबर, ना तेलाचा दट्ट्या. नुसती लवचिक पोलादी पट्टी. सेसना कंपनीनं ती कल्पना त्याच्याकडून घेतली आणि 1946 च्या सेसना 140 ला तसे पाय बसवले. पण पाटा धक्का खातो तसा परतही करतो. मग विमान चेंडूसारखं उसळत का राहत नाही? तर उतरताना पाय बाहेर फाकतात, टायर डांबरावर आडवे घासतात, आणि उसळीचा बराचसा जोर त्या घासण्यात संपतो. गवतावर टायर सहज सरकतात, तिथं ही सोय कमी. हे ऐकून मामा बराच वेळ खूश होते. फुकटात काम करणारी कुठलीही गोष्ट त्यांना आवडते.

मग मी त्यांना परीक्षेचं सांगितलं. छोट्या विमानांच्या अमेरिकन नियमांत पाय तपासायला ते उंचावरून खाली सोडून बघायचे असत. उंची वजन आणि पंखांच्या हिशेबानं काढायची, पण 9.2 इंचांहून कमी नाही आणि 18.7 इंचांहून जास्तीची सक्ती नाही.

“एवढ्यावरनं तर आमचा ट्रॅक्टर रोज बांधावरनं पडतोय,” मामा म्हणाले. “आनि त्याला कोन पास-नापास करत न्हाई.”

खरी गंमत पाय बदलल्यावर सुरू होते. मोठे टायर घातले, की वजन वाढतं आणि वारा जास्त अडतो. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचं नाक आणखी वर जातं, आणि जमिनीवर असताना पुढचं आधीच कमी दिसायचं ते आणखी कमी दिसतं. जोरदार डिस्क ब्रेक बसवले, तर कचकन दाबल्यावर तेच विमान नाकावर उभं राहतं. मग ब्रेक वाचतात आणि पंखा मोडतो. शिवाय दणकट पाय घातला, की जो धक्का आधी पाय वाकून खायचा तो सरळ वर सांगाड्यात जातो, जिथं पाय बोल्टांनी जोडलेला असतो तिथं. म्हणजे पाय शाबूत आणि कंबर मोडलेली.

मामांना हे सांगावंच लागलं नाही. “टेम्पोत जादा पाटा घातला की चेसी तडकती. मालकाला वाटतंय पाटा चांगला निघाला. चांगलाच असतोय ओ तो.”

मला वाटतं, विमान बांधणाऱ्या हौशी माणसानं पुस्तकं वाचावीतच, पण त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपात महिनाभर नुसतं स्टुलावर बसावं. कुठला भाग मोडण्यासाठी ठेवलेला आहे आणि कुठला मोडता कामा नये, हे तिथं चहाच्या कपाबरोबर कळतं. मोडण्यासाठी ठेवलेला भाग बळकट करणं ही मात्र फार जुनी हौस आहे, आणि ती मामांच्या गिऱ्हाइकांतही भरपूर आहे.

पाय बदलले की वजनाचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो, भार कुठं पडतो ते पुन्हा तोलावं लागतं, कागद करावे लागतात. मी हे सगळं मामांना सविस्तर समजावलं. मामांनी पाना फडक्याला पुसला.

“ते सगळं ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “ह्याचं पासिंग कुठं करायचं, तेवढं सांगा. एजंट हाय का कोन?”