वीस-एकवीसचा फरक

यंत्र मेलं, पण मरता मरता खुन्याचं नाव सांगून गेलं. आपल्या कचेऱ्यांना हे अजून जमलेलं नाही.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. जगभर कॉम्प्युटरचे पडदे निळे पडले. मुंबई विमानतळावर चेक-इन हातानं सुरू झालं. देशात काही ठिकाणी बोर्डिंग पास चक्क पेनानं लिहिले गेले. अंधेरीत राहणारे, 'विमानतळ काय, दहा मिनिटांवर' म्हणणारे, तेही रांगेत. त्या दिवशी हायवेच्या ट्रॅफिकवर खापर फोडायचीही सोय नव्हती.

झालं असं : क्राउडस्ट्राइक या कंपनीचा सुरक्षा-प्रोग्राम विंडोजच्या थेट गाभ्यात, कर्नलमध्ये, बसतो. साधं ॲप आपटलं तर एकटं आपटतं. कर्नलमध्ये कुणी भलत्या मेमरीला हात घातला, तर विंडोज अख्खा कॉम्प्युटर थांबवतं. रेटून चालवला तर डेटाचा बट्ट्याबोळ व्हायचा. पण थांबण्याआधी मेमरीचा पंचनामा डिस्कवर लिहून ठेवतं. त्याला म्हणतात 'क्रॅश डंप'. कुठल्या ड्रायव्हरनं, कुठल्या पत्त्यावर घोळ घातला, ते त्यात सापडतं. इथं नाव निघालं 'सीएसएजंट डॉट सिस'.

पुढं कंपनीनं कारणही छापलं. त्या दिवशी धाडलेल्या फाइलमधल्या नव्या नियमाला २१ नोंदी हव्या होत्या, प्रोग्रामनं पुरवल्या २०. वाचण्याआधी मोजायची तसदी कुणी घेतली नाही. प्रोग्राम नसलेली एकविसावी वाचायला गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख यंत्रं आडवी झाली. सदोष फाइल ७८ मिनिटांत मागं घेतली. पण पडलेल्या यंत्रांपैकी कित्येकांपाशी माणसं एकेक करून गेली, सेफ मोडमध्ये शिरून ती फाइल पुसत बसली.

आता आपले पंचनामे बघा. मुलुंड-घाटकोपरच्या मध्ये लोकल उभी : 'तांत्रिक बिघाड'. बोरिवलीत रेशनचं मशीन अंगठा घेईना : 'सर्व्हर डाऊन'. पासबुक छापेना : 'वरूनच प्रॉब्लेम आहे'. वरून म्हणजे कुठून, हे काउंटरवरच्या बाईंनाही कुणी कळवलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी गाडी सुटते, मशीन चालतं, आणि बिघाड पुन्हा यायला मोकळा.

मायक्रोसॉफ्टनं २०२५मध्ये निळा पडदा काळा केला, बिघाडाचा कोड मात्र त्यावर ठेवला. आपल्याकडे कोड विचारून बघा. साहेबच काळेनिळे होतील.