सूप वाजल्यानंतर

नुकतंच लग्न झालेल्या मुलींचे पूर्वी दोनच प्रकार असत: माहेरच्या आठवणीनं डोळे पुसणाऱ्या आणि सासरच्यांदेखत न पुसणाऱ्या. आता तिसरा प्रकार निघाला आहे. हिला रडायला सवड नसते, कारण हिची एक्सेल शीट अजून मिटलेली नसते. लग्नाचं सूप वाजून दोन-तीन महिने होतात, हातावरची मेंदी उतरते, कार्यालयाचं डिपॉझिट कापून-छाटून परत येतं, पण हिच्या अंगातून लग्न काही उतरत नाही. लग्न म्हणजे नवरा नव्हे. तो घरीच असतो आणि बरा असतो. लग्न म्हणजे ते कार्य. ते पार पडलं, हे तिला अजून कोणी कळवलेलं नाही.

अशी एक आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली आहे. पुण्यात अशा पुष्कळ आहेत, त्यामुळे हे वाचून कुणाला स्वतःचीच आठवण झाली तर मी जबाबदार नाही. ही अधूनमधून रिकामा डबा परत करायला येते आणि दारातच सुरू होते, "काका, आम्हाला ना, अगदी साधं लग्न हवं होतं. फक्त एलिगंट."

या 'फक्त'चं बिल किती झालं ते तिचे वडील सांगत नाहीत. ते हल्ली एकूणच कमी बोलतात. मांडववाल्याच्या ठरावीक पॅकेजात झेंडूच्या माळा होत्या, त्या फुकट होत्या. त्या न लावण्याचे पैसे पडले. मखमली खुर्च्यांवरची सॅटिनची कव्हरं काढून टाकायची, तर खालच्या खुर्च्या दिसतात. म्हणून दिसण्याजोग्या खुर्च्या भाड्यानं आणल्या. साधेपणाचं असं असतं की तो उघडा पाडायला आधी बरंच काही झाकावं लागतं. वास्तविक साध्या लग्नात पुणं नवखं नाही. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ च्या डिसेंबरात याच शहरात भटजीविना आणि थोडक्या खर्चात लग्न लावून दाखवलं होतं. मी हे तिला सांगितलं तर म्हणाली, "वॉव, इंटिमेट वेडिंग!" मग १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी लग्न का नाही केलं, असं विचारलं. "त्यात ३० दिवसांचीच नोटीस असते ना काका. ३० दिवसांत डेकोरवाला मिळतो का कुठे?"

शीट मी पाहिली आहे. पाहिली म्हणजे तिनं ती आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून दाखवली, आणि माझ्या बायकोनं पुढ्यात ठेवलेले पोहे गार होईपर्यंत दाखवली. पाहुणे, फुलं, गाड्या, हळद, आहेर, परतीचा आहेर, रुसणारे नातेवाईक असे वेगवेगळे विभाग. प्रत्येक ओळीला जबाबदार व्यक्ती आणि तिच्यापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग. त्यात केटरर आणि ढोलताशावाल्यांच्या मधे एक ओळ होती: 'नवरदेव – कार्यालयात वेळेवर पोहोचणे.' ती पिवळी होती. लग्नानंतरही ती हिरवी करायची राहून गेली आहे असं तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिनं ती माझ्यासमोर हिरवी केली. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर दहावी सुटल्याचा आनंद दिसला.

कार्याचा दिवस पाच-पाच मिनिटांत कापलेला होता. आमच्या आजोबांच्या काळी मुहूर्त साधायला घटिकापात्र असे. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी घंगाळातल्या पाण्यावर तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. त्या २४ मिनिटांत व्याह्यांचं रुसणं आणि समजूत काढणं दोन्ही आरामात बसत असे. पाच मिनिटांत नुसतं रुसता येतं.

गुरुजींची आणि हिची पहिली भेट हा मात्र या कार्यातला सर्वांत सुरेख प्रसंग. फोटोवाल्यानं हिला सांगून ठेवलं होतं की सूर्य मावळण्याआधी थोडा वेळ उजेड सोनेरी होतो, त्याला गोल्डन अवर म्हणतात, आणि माळा त्याच उजेडात पडल्या पाहिजेत. गुरुजी सकाळचे मुहूर्त वाचू लागले. ही नको म्हणू लागली. शेवटी तिनं भीतभीत विचारलं, "अगदी सूर्यास्ताच्या सुमाराचा नाही का एखादा?" गुरुजींनी चष्मा काढला. "गोरज मुहूर्त म्हणता? गाई घरी परततात ती वेळ? अहो, अलीकडे कोणी मागतच नाही!" ते इतके गहिवरले की त्यांनी हिच्या वडिलांना तिथल्या तिथे संस्कारांबद्दल धन्यवाद दिले. तिनंही ते नाकारले नाहीत. गाई आता त्या बाजूला फिरकत नाहीत, पण बायपासवरून धूळ भरपूर येते, तेव्हा मुहूर्ताचं शास्त्र निम्मं तरी पाळलं गेलं. दक्षिणा घेताना गुरुजी पुन्हा गहिवरले. त्यांना क्रीम रंगाचं उपरणं दिलं होतं. ते त्यांना मानाचं वाटलं, फोटोच्या रंगसंगतीतलं होतं हे त्यांना अजून माहीत नाही.

रंगसंगतीचं मूळ इटलीत आहे. २०१७ च्या डिसेंबरात अनुष्का शर्मानं तिकडे टस्कनीत फिकट गुलाबी लेहंगा घालून विराट कोहलीशी लग्न केलं, आणि इकडे आमच्या कोथरूडच्या कार्यालयांत रंग उडायला सुरुवात झाली. नवरी म्हणजे हळदीची पिवळी, चुड्याची हिरवी आणि कुंकवाची लाल, हे आमचं शतकानुशतकांचं गणित. आता साखरपुडा पिस्त्याचा, हळद लिंबाच्या सालीची आणि रिसेप्शन राखेचं. या वरच्या मजल्यावरच्या नवरीपुढे खरा पेच पडला अष्टपुत्रीचा. गौरीहराच्या पूजेला बसताना नेसायची पिवळी साडी मामा देतो. मामानं आपल्या मानाची आणली ती अस्सल पिवळी, लांबून एसटीतूनही दिसेल अशी. मामाला दुखवता येत नव्हतं आणि पिवळ्याला फिकं करता येत नव्हतं. शेवटी गौरीहराचे फोटो कृष्णधवल काढायचं ठरलं. त्याला क्लासिक म्हणतात.

पाहुण्यांनाही रंग कळवले होते. आम्हाला 'सेज ग्रीन' आला. मी बायकोला विचारलं, म्हणजे कुठला? ती म्हणाली, पाण्याच्या टाकीत आतून असतो तो. सगळ्यांनी निमूट पाळलं, मुलाकडच्या एका आत्या सोडून. आत्या राणी रंगाचा शालू नेसून आल्या, वर मोत्याची नथ आणि केसांत अबोलीचा गजरा. "माझ्या भाच्याचं लग्न आहे, कुणाचा दहावा नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. शीटमध्ये आत्यांसमोरची ओळ लाल आहे. ती आता कोण हिरवी करणार?

अंतरपाट खास भरतकाम करून घेतला होता. मुहूर्त लागेपर्यंत वधूवरांनी एकमेकांचं तोंड पाहू नये म्हणून तो मधे धरतात. या दोघांनी वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सहा वेगवेगळ्या पोशाखांत एकमेकांच्या डोळ्यांत पाहत दिवस काढला होता, पण अंतरपाट तरी हवाच. त्याच्या दोन्ही बाजूंनी दोन फोटोवाले आणि वरून ड्रोन, त्यामुळे मुहूर्ताला काय झालं ते आम्ही समोर बसलेल्यांनी दोन दिवसांनी मोबाईलवर पाहिलं. मंगलाष्टकांना शीटमध्ये सहा मिनिटं होती. तिच्या मावशींनी स्वतः रचलेली होती, रीतीप्रमाणे शार्दूलविक्रीडितात, म्हणजे एका चरणात एकोणीस अक्षरं. आणि त्या एकोणिसांत त्यांनी दोन्ही घराण्यांतली हयात आणि दिवंगत माणसं यमकासकट बसवली होती. तिसऱ्या कडव्याला माईक तांत्रिक कारणानं बंद पडला. मावशी निवृत्त संगीतशिक्षिका. त्यांना माईक लागतच नव्हता. सूर्य त्यांच्या पाचव्या कडव्यात मावळला. अक्षता म्हणून तांदूळ वाया जाऊ नयेत यासाठी गुलाबाच्या पाकळ्या वाटल्या होत्या. त्या आंबेमोहोराहून महाग पडल्या, पण वाया गेल्या नाहीत असं ती म्हणते.

जेवण पंगतीचं. बुफेत एलिगन्स नाही, हा तिचा निष्कर्ष मला मनापासून पटला आणि मी मोठ्या अपेक्षेनं पाटावर बसलो. केळीची पानं, महिरपीच्या रांगोळ्या, समया. सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं. मग ताटं सजवून देणारी एक बाई आली. पानाचं निमुळतं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे यावं, वर मधोमध मीठ, डाव्या हाताला लिंबू-चटणी-कोशिंबीर, उजव्या हाताला भाज्या, हे आपल्याकडे पोर चालायच्या आधी शिकतं. बाईंना टोक उजवीकडे हवं होतं, कारण कॅमेरा त्या बाजूनं फिरणार होता. रांगेतली पानं फिरवली गेली. नवरीचे आजोबा पाटावरून उठले. बोलले काही नाहीत. उठून आपलं पान फिरवलं आणि पुन्हा बसले. मग त्यांच्या शेजारच्यानं फिरवलं, मग त्याच्या शेजारच्यानं, आणि बघता बघता सगळी पंगत सरळ झाली. फिल्ममध्ये ही पानं एकामागून एक वळतात तो तुकडा संथ गतीत घेतला आहे आणि लोकांना तो ठरवून केल्यासारखा वाटतो. ती दाद ती स्वीकारते. अळूच्या भाजीचा रंग संगतीत बसेना म्हणून ती वाटीत झाकून आली, जिलब्या मात्र मोजून तीन ठेवल्या होत्या. चौथी मागायला वाढपी शोधावा लागला. यात एलिगन्स काय, हे मला आजवर समजलेलं नाही.

सप्तपदीच्या वेळी सातवं पाऊल पडलं आणि नेमका फोटोवाल्याच्या मधे कोणीतरी आलं. "मॅडम, वन मोअर." १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्ये सातवं पाऊल टाकताच विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो, असं स्वच्छ लिहिलं आहे. आठव्याबद्दल कायदा गप्प आहे. गुरुजीही गप्प राहिले.

आता यातलं काहीच करायचं उरलं नाही, हे तिचं खरं दुःख. नवरा सकाळी नऊला ऑफिसला जातो, ही घरून काम करते, आणि मधल्या सुट्टीत दुसऱ्यांच्या लग्नांवर लक्ष ठेवते. मागच्या महिन्यात ओळखीत एक लग्न होतं, आम्ही एकाच गाडीतून गेलो. ती आत शिरली ती तपासनीसासारखी. स्वागताला किती माणसं, मठ्ठा किती गार, स्टेजवरचे दिवे पिवळे की पांढरे, रुखवत घरचं की भाड्याचं. येवल्याला जाऊन तिनं स्वतःची पैठणी विणून घेतली होती, त्यामुळे हातमागाची पैठणी उलट्या बाजूनंही सुलटीइतकीच साफ असते, मागे धागे लोंबत नाहीत, हे ज्ञान तिला झालेलं आहे. ते तिनं तिथं विहीणबाईंचा पदर उलटा करून पडताळलं. विहीणबाई त्या वेळी तो नेसलेल्या होत्या आणि सुनमुख बघत होत्या. "पॉवरलूम," गाडीत बसल्यावर ती हळूच म्हणाली. त्या नवरीची तिला खरोखर दया आली होती. "माझी शीट पाठवली असती ना मी."

ती शीट आता तिच्या दोन चुलतबहिणींकडे, एका मैत्रिणीकडे आणि, माझ्या बायकोच्या कृपेनं, आमच्या भाचीकडे गेली आहे. पूर्वी घराण्यातून पाटल्या उतरत.

एकच काम शीटमध्ये नव्हतं: लग्नाची नोंदणी. महापालिकेच्या कार्यालयात नमुना ड भरायचा, तीन साक्षीदार, गुरुजींची सही, पत्रिका, फोटो. साक्षीदारांना तोटा नव्हता. मी स्वतः तिसरा. पत्रिकेचं विचारलं तेव्हा तिनं मोबाईल पुढे केला. त्यात वीणा वाजू लागली आणि जलरंगातले दोन मोर उडत आले. खिडकीपलीकडच्या क्लार्कबाईंनी ते शेवटपर्यंत पाहिलं, छान आहे म्हणाल्या, आणि छापील मागितली. ती आजोबांकडे सापडली. गणपतीपुढे ठेवायला म्हणून त्यांनी कोणाला न सांगता मोजक्या पत्रिका छापून घेतल्या होत्या, चारही कोपऱ्यांना हळद-कुंकू लावून.

फोटोचं मात्र अवघड झालं. दोघांचा एकत्र हवा, दोघांचे चेहरे समोरून स्पष्ट. तिच्याकडे फोटो हजारांच्या घरात, आणि सगळे कॅन्डिड. एकात ती हसत खाली पाहते, एकात तो तिच्या कानातल्यांकडे, एकात दोघं क्षितिजाकडे. कितीतरी फोटोंत नुसते हात. लग्नाच्या दिवशी दोघांनी एकाच वेळी कॅमेऱ्याकडे पाहिल्याचा पुरावा कुठेच मिळेना. आम्ही तिघे साक्षीदार बाकावर बसून आपापले मोबाईल चाळू लागलो. शेवटी तिच्या मावसकाकांच्या फोनमध्ये एक सापडला, "ए, इकडे बघा रे!" असं ओरडून काढलेला. दोघं ताठ उभी, डोळे विस्फारलेले, चेहऱ्यावर फ्लॅश. आणि दोघांच्या मधोमध, खांद्यांवरून डोकावणाऱ्या, राणी रंगाच्या शालूतल्या आत्या.

"तिसऱ्या कोण?" क्लार्कबाईंनी विचारलं.

"मागे उभ्या आहेत," ती म्हणाली.

फोटो कापता येईना. आत्यांना वगळायला गेलं की नवऱ्याचा कान जात होता. बाईंनी तो तसाच चिकटवून वर शिक्का मारला. आत्यांना हे कळल्यापासून त्यांनी त्याच्या रंगीत झेरॉक्सचा तगादा लावला आहे, मोठ्या आकारात.